समुद्रातलं बेणं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आम्हा भवानीनगरच्या माणसांना बेण्याचं मोल सांगावं लागत नाही. ८६०३२ म्हणून भलतंच बेणं पदरात पडलं, तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते. समुद्रात लाल शेवाळाची शेती करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. आणि हे शेवाळ काही आपल्याला अगदीच परकं नाही. कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाचा अर्क आपल्या देशात पिकांवर फवारला जातो. तो काढण्याचं तंत्र गुजरातेतल्या भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनं विकसित केलं.

आपल्या किनाऱ्यावर लाल शेवाळं ओळखण्याचं मोठं काम डेन्मार्कच्या फ्रेडरिक बॉर्गेसेन यांनी केलं. १९२७-२८ मध्ये ते भारतात आले. मुंबई इलाख्यातल्या लाल शेवाळांवरचे त्यांचे लेख १९३१ पासून छापून आले. शेवाळाचं बाह्यरूप फसवं असतं. लाटा, ऊन, खोली यांप्रमाणे ते बदलतं. म्हणून अभ्यासक पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी पाहतात आणि मादी रोपावर फलनानंतर येणाऱ्या गाठी तपासतात.

कप्पाफायकसच्या बाबतीत मात्र हा मार्ग अपुरा पडला. त्याची लागण उसासारखीच असते. तुकडा दोरीला बांधायचा, वाढला की तोडायचा आणि त्यातलाच तुकडा पुन्हा बांधायचा. अशा रोपांवर प्रजननाचे अवयव क्वचितच दिसतात. बाजारात तर सगळ्यांना 'कॉटोनी' हे एकच नाव! १९८५ साली मॅक्सवेल डोटी यांनी त्यातली 'अल्वारेझी' ही जात वेगळी काढली. पुढे जनुकांचा पुरावा मदतीला आला. २००६ च्या अभ्यासात दिसलं, की जगभर लावलं जाणारं अल्वारेझी जवळजवळ एकाच कुळीचं आहे. सगळीकडे एकच बेणं असलं, की एखादा रोग सगळ्यांनाच आडवं करू शकतो. ऊसवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको.

२०१४ साली मलेशियाच्या संशोधकांनी काप आणि जनुकं असे दोन्ही पुरावे जुळवून 'मलेशियानस' ही नवी जात जाहीर केली. तिथले शेतकरी तिला 'आरिंग-आरिंग' म्हणून ओळखत होते. म्हणजे शास्त्रानं नवी म्हणून नोंदवलेली जात शेतकऱ्याच्या नजरेनं आधीच वेगळी काढली होती. बेणं निवडणाऱ्या त्या नजरेवर आता प्रयोगशाळेचा शिक्का बसला, एवढंच.