बालमैत्री आणि आईवडिलांशी नाते

मुलाचे आईवडिलांशी, किंवा त्यांच्या जागी असलेल्या मोठ्यांशी, जे नाते जडते त्याचा बरोबरीच्या मुलांशी होणाऱ्या मैत्रीवर पडणारा प्रभाव. या विषयाची आजची मांडणी मुख्यतः ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांच्या अनुबंध-सिद्धांतावर उभी आहे. त्यांच्या मूळ ग्रंथाचा पहिला खंड १९६९ मध्ये निघाला. रडल्यावर कोणी उचलून घेते का, घाबरून धावत गेले तर कुशीत जागा मिळते का, या रोजच्या अनुभवावरून तान्हे मूल माणसांविषयी एक अंदाज बांधते आणि पुढे अंगणात, बालवाडीत उतरते ते हा अंदाज घेऊनच, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या संशोधनात ते बरेचसे टिकले, पण त्याची मर्यादाही स्पष्ट झाली. चारचौघांत मूल किती मिसळते यावर घरच्या नात्याचा प्रभाव थोडाच दिसतो. एखादी मैत्री किती जिवलग होते, कट्टी झाल्यावर पुन्हा गट्टी जमते का, हे त्यावर अधिक अवलंबून असते.

बोल्बींचे सूत्र तपासण्याची रीत मेरी एन्सवर्थ यांनी घालून दिली. युगांडातील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात त्यांनी मायलेकरांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांच्या या रीतीत वर्षभराच्या मुलाला आईसह एका अनोळखी खोलीत आणतात. जमिनीवर खेळणी असतात. थोड्या वेळाने आई बाहेर जाते आणि दोन-तीन मिनिटांत परतते. मूल किती रडले याला इथे दुय्यम महत्त्व आहे. आई परतल्यावर ते काय करते ते पाहायचे. कोणी तिला बिलगते, शांत होते आणि पुन्हा खेळण्यांकडे वळते: हा सुरक्षित अनुबंध. कोणी मान फिरवून आईला टाळते. कोणी कडेवर घेतल्यावरही हातपाय झाडत राहते, त्याची समजूत पटत नाही: हे दोन्ही असुरक्षित अनुबंध.

आई परतण्याचा हा क्षण पुढच्या मैत्रीबद्दल काही सांगतो का, याचा सर्वांत चिकाटीचा शोध मिनेसोटात झाला. १९७० च्या दशकाच्या मध्यात बायरन एगलंड, ॲलन स्रूफ आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरीण असलेल्या २६७ गरीब स्त्रियांपासून सुरुवात केली आणि त्यांच्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. बालवाडीच्या वयात यांतल्या काही मुलांना जोडीजोडीने खेळायला सोडून पाहिले. जिथे एक मूल वारंवार दुसऱ्याला छळत होते, तिथे छळणाऱ्याचा इतिहास आईला टाळण्याचा होता आणि सोसणाऱ्याचाही अनुबंध असुरक्षित होता. सुरक्षित अनुबंधाचे मूल यांपैकी कोणत्याही बाजूला सापडले नाही. दुसऱ्याला दुखवण्याची सवय आणि मुकाट सोसण्याची सवय एकाच प्रकारच्या उणिवेतून येतात, हा मला या क्षेत्रातील सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष वाटतो. दहा-अकराव्या वर्षी याच अभ्यासातील मुलांची उन्हाळी शिबिरे घेतली, तेव्हा सुरक्षित अनुबंधाच्या मुलांची मैत्री अधिक जुळली, आणि तीही बहुधा आपल्यासारख्याच मुलांशी.

मात्र एका अभ्यासावर भिस्त ठेवणे बरे नव्हे. २००१ मध्ये बॅरी श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ६३ अभ्यास एकत्र पडताळले. आईशी असलेला अनुबंध आणि समवयस्कांशी संबंध यांतला सहसंबंध सरासरी ०.२० भरला. आकडा लहान आहे. घरावरून मुलाचे भविष्य वाचणाऱ्यांना तो साथ देत नाही. पण जवळच्या मैत्रीपुरते पाहिले तर तो इतर सोबत्यांच्या संबंधांपेक्षा मोठा निघतो, आणि लहानपणापेक्षा शाळकरी व किशोर वयात अधिक. त्याचे कारण उघड आहे. चेंडू मागण्यापुरत्या ओळखीत विश्वासाचा कस लागत नाही. गुपित सांगताना, रुसवा काढताना, ‘चुकलं माझं’ म्हणताना तो लागतो, आणि असे प्रसंग वयाबरोबर वाढत जातात.

यावर पहिला आक्षेप स्वभावाचा: हसऱ्या मुलाला आईही सहज कवटाळते आणि मित्रही सहज मिळतात, मग नात्याला श्रेय कशाला? यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. एकच मूल आईशी सुरक्षित आणि वडिलांशी असुरक्षित असू शकते, आणि स्वभाव तर दोघांपुढेही तोच असतो. दुसरा आक्षेप जूडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये घेतला: मूल घडते ते टोळक्यात, स्थलांतरितांची मुले आईवडिलांचे उच्चार सोडून सवंगड्यांसारखी बोलू लागतात. बोली, पेहराव, आवडीनिवडी यांबाबत त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते. मात्र समूहात सामावणे आणि एका मित्राच्या जवळ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि श्नायडर यांच्या आकड्यांत हाच भेद दिसतो. तिसरा आक्षेप आईवर सगळा भार टाकण्याचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. भुवनेश्वरमधील कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या सुझन सीमोर यांना मुले आजी, काकू, थोरल्या बहिणी अशा अनेकांच्या हातांत वाढताना दिसली. तेव्हा ‘आईशी अनुबंध’ या मोजपट्टीत असे घर पुरते मावत नाही.

सिद्धांताला खरी कसोटी लावणारे उदाहरण याहून जुने आहे. १९४५ च्या शरद ऋतूत तेरेझीन छळछावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा ज्यू मुले इंग्लंडमध्ये ससेक्समधील बुलडॉग्ज बँक या घरात आणली गेली. ती तान्ही असतानाच त्यांचे आईवडील मारले गेले होते. ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१ मध्ये त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले मोठ्यांना चावत, त्यांच्यावर थुंकत. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर होत नसत. जेवताना स्वतः खाण्यापेक्षा शेजारच्याच्या हातात घास देणे त्यांना महत्त्वाचे वाटे. म्हणजे आईवडिलांशिवायही मैत्री फुलते, असे कोणी म्हणेल. पण या मुलांना विसंबायला कोणीच नव्हते असे नाही. ती एकमेकांना विसंबून होती, आणि आईच्या जागी त्यांचे सवंगडी आले होते. पुढे वर्षभरात नात्याची दिशाच उलटी झाली. सांभाळणाऱ्या बायकांना त्यांनी आपल्या टोळीत घेतले, आणि मग खाऊ वाटताना त्यांचाही वाटा काढून ठेवण्याचा हट्ट मुले धरू लागली.