तेल खाणारे जंतू

डिझेल इंजिनाखालची जमीन आपण पाहिलीच असेल. वर्षानुवर्षं तेल गळून माती काळी, चिकट होते. पाणी ओतलं तर धड मुरत नाही, गवताची काडी उगवत नाही. ही जमीन मेली, असं आपण म्हणतो. पण ती पुरती मेलेली नसते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, आणि त्यांतल्या काहींचं तेल हेच अन्न असतं.

मग ते सगळं तेल खाऊन का टाकत नाहीत? याचं उत्तर आपल्या उकिरड्यातच आहे. नुसता भुसा टाकला तर तो लवकर कुजत नाही. शेण-मूत पडलं, ओल राहिली, खालीवर केलं, की कुजतो. तेलाचंही तसंच. त्यात कर्ब भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अँब्लर गावी नळातून पेट्रोल गळून जमिनीत आणि भूजलात उतरलं होतं. १९७२ साली रिचर्ड रेमंड या शास्त्रज्ञाने तिथं हाच विचार वापरला. त्याने विहिरींवाटे नत्र, स्फुरद आणि हवा खाली पोचवली. काम केलं ते तिथल्याच जंतूंनी.

त्याच सुमारास बंगालमधून अमेरिकेत गेलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलातले अनेक घटक पचवू शकेल असा एक जंतू प्रयोगशाळेत घडवला. त्याच्या पेटंटचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. मोठं नाव झालं. पण तो जंतू सांडलेल्या तेलावर प्रत्यक्षात कधी सोडला गेला नाही.

पुढे २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आदळलं. सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यांवर खत टाकलं गेलं, आणि खत मिळालेल्या जागी तेल लवकर विरलं. मात्र दगडगोट्यांखाली, जिथं हवा पोचत नव्हती, तिथं ते पुढे कित्येक वर्षं तसंच सापडत राहिलं.

आपल्याकडे टेरी या संस्थेने भारतीय मातीतले असेच जंतू निवडून 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण तयार केलं. मक्याच्या बुरकुंडांच्या भुकटीत मिसळून ते तेलकट मातीत घालतात, वर खत-पाणी देतात, माती नांगरून उलटीपालटी करतात.

यात जादू नाही. हलकं तेल लवकर जातं, डांबरासारखा जड भाग मागे रेंगाळतो. शिसं तर जंतूंना खाताच येत नाही. कामाला महिनेच्या महिने लागतात. म्हणून पहिला उपाय गळती थांबवण्याचा, इंजिनाखाली पत्र्याचं तबक ठेवण्याचा. गुरुजींनी मुलांना तेवढं सांगितलं, तरी विहिरीचं पाणी वाचेल.