वीणेचा भोपळा आणि मिरजेचे शिकलगार



कडू भोपळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. यात्रेला निघालेल्या मंडळींजवळ महाराजांनी एक कडू भोपळा दिला, म्हणाले, याला सगळ्या तीर्थांत बुडवून आणा. मंडळींनी इमानानं बुडवला, परत आणला. चिरून भाजी केली, तर कडू तो कडूच. तात्पर्य काय? आत बदल नाही तर नुसत्या अंघोळीनं काय होणार? हे तात्पर्य मीही चाळीस वर्षं सांगत आलो, आणि ते खरंच आहे.

पण आज मला त्या भोपळ्याची बाजू मांडायची आहे. आपण त्याला फार लवकर निकालात काढलं. तुमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस जी वीणा खाली टेकत नाही, जिला आपण हार घालतो, जिच्या पाया पडतो, ती नीट बघा. तिच्या तळाशी काय आहे? तोच कडू भोपळा! जो भाजीच्या कामाचा नाही, तोच भजनाच्या कामाचा आहे.

आता हा भोपळा येतो कुठून, हे ऐका. तंबोऱ्याचा, सतारीचा, वीणेचा भोपळा पिकतो पंढरपूर, मंगळवेढा या भागात, आपल्या भीमामाईच्या काठी. आपण ज्या वाटेनं पंढरीला जातो, त्याच मातीत हा वेल पसरतो. आणि तिथून भोपळा जातो मिरजेला. म्हणजे आपण पायी पंढरीला येतो आणि भोपळा पंढरीहून निघतो. त्याची वारी उलटी, पण वारीच.

मिरजेला कुणाकडे जातो? इथं इतिहास सांगितला पाहिजे. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथं शिकलगार नावाची मुसलमान घराणी होती. शिकलगार म्हणजे तलवारीला, भाल्याला धार लावणारे, हत्यारांना पाणी देणारे. 1818 साली पेशवाई गेली, लढाया थांबल्या. तलवारी खुंटीला लागल्या आणि धार लावणाऱ्याचे हात रिकामे झाले. आता बघा, हातात कसब आहे आणि गिऱ्हाईक नाही, यासारखं दुःख नाही. माणूस अशा वेळी दोनच गोष्टी करतो. नशिबाला शिव्या देतो, नाहीतर हाताला दुसरं काम शोधतो.

संस्थानात गवयांचा राबता होता. वाद्यं उत्तरेकडून यायची आणि मोडली की पंचाईत व्हायची. 1850 च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन यांनी ही मोडलेली वाद्यं हातात घेतली. शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. वाद्य उघडायचं, आत कसं आहे ते बघायचं आणि पुन्हा जोडायचं. दुरुस्त करता करता ते घडवायला शिकले. ज्या हातांनी तलवारीची धार जोखली, त्याच हातांनी तारेचा स्वर जोखला. पुढं पिढ्यानपिढ्या हे काम चाललं, मिरजेचा तंबोरा देशभर गेला, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

याच मिरजेत आपल्या कीर्तन परंपरेचाही एक धागा गुंतलेला आहे. कुरुंदवाडचे कीर्तनकार दिगंबरबुवा पलुस्कर. त्यांचा मुलगा विष्णू, जन्म 1872. लहानपणी फटाक्यानं डोळे दुखावले, म्हणून उपचाराला मिरजेला आणला. डोळे पुरते सुधारले नाहीत, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू म्हणून लाभले. तेच पुढं पंडित विष्णू दिगंबर. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं मुंबईच्या विद्यालयात वाद्यं तयार करण्याची आणि दुरुस्तीची सोयही केली. गाणाऱ्याला आपलं वाद्य कळलं पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, 1937 साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. तंबोरा लावावा तर त्यांनी, अशी त्यांची ख्याती.

आता तंबोरा किंवा वीणा घडते कशी? भोपळा वेलावरच पक्का होऊ द्यायचा. मग महिनोन्‌महिने वाळवायचा. नंतर पाण्यात भिजवून तोंड कापायचं आणि आतला गर, बिया, शिरा, सगळं खरवडून काढायचं. काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नाही. वर तुणाच्या लाकडाचा गळा आणि दांडी. तोंडावर तबली, तबलीवर घोडी, टोकाला खुंट्या. एवढं झालं तरी वाद्य मुकंच असतं, बरं का! ते बोलतं जवारीनं. घोडीचा माथा आपल्याला सपाट वाटतो, पण तो किंचित उतरता घासलेला असतो. तार तिथं टेकते न टेकते. तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून बरोबर जागी आणला, की एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. पुढं नोबेल मिळवणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं. तार छेडल्यावर जे स्वर शास्त्राप्रमाणे उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे उमटतात, असं त्यांना आढळलं. आपल्या मृदंगाच्या शाईचाही त्यांनी अभ्यास केला. शाईच्या वजनामुळे चामड्याचा नुसता धप्प आवाज न राहता त्यात स्वर येतो. पण हे रामन यांनी लिहिण्याच्या कितीतरी आधी कारागिराच्या कानाला ठाऊक होतं.

आता माझी एक गोष्ट सांगतो. बरी नाही, पण सांगितल्याशिवाय हे निरूपण पुरं होणार नाही.

मी विशीतला. पणदऱ्याच्या सप्ताहात विण्याच्या पहाऱ्याला होतो. पहाटेची वेळ, डोळ्यावर झोप. वळताना वीणा मंडपाच्या खांबाला आपटली आणि भोपळ्याला बोटभर चीर गेली. कुणी बघितलं नाही. माझ्या मागून पहारा होता एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांचा. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पाया पडलो आणि निघून गेलो. उजाडल्यावर चीर दिसली. म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याच हातून झालं. गावकरी बोलले नाहीत, पण पुढच्या दिवशी त्यांना पहारा दिला नाही. मी गप्प राहिलो. वर शहाणपणा म्हणजे, रात्री गुपचूप दुकानातला कडक गोंद आणून चीर बुजवली. वीणेचा आवाज बसला तो बसलाच.

सप्ताह उरकल्यावर वीणा मिरजेला न्यायचं ठरलं. न्यायला कोण? मीच पुढं झालो. नीरा स्टेशनावरून पॅसेंजर धरली आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरापुढं वीणा ठेवली. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाहेरून मार बसलाय. आणि हा गोंद कुणी भरला?"

मी म्हणालो, "मी."

"आपटली कुणी?"

मी खाली बघितलं. त्यांना उत्तर मिळालं. ओरडले नाहीत. एक पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ज्यानं भरलं त्यानं खरवडायचं. हळू. भोपळा जाऊ द्यायचा नाही, गोंद ठेवायचा नाही."

दिवस मावळेपर्यंत मी गोंद खरवडत होतो. भोपळा आतून कसा रिकामा असतो, हे मी त्या दिवशी चिरेतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चीर सांधली, आतून पट्टी दिली, जवारी काढली. तार छेडली आणि मला रडू आलं.

परत आल्यावर आधी त्या म्हाताऱ्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "आबा, चीर माझ्या हातून पडली होती." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वीणा बोलतीय नव्हं?" म्हटलं, "बोलती." म्हणाले, "मग चल देवळात. समद्यांम्होरं सांग, आन् मग माझ्या गळ्यात घाल." मी तसं केलं. त्यानंतर ते दोनच सप्ताह उभे राहिले, पण ताठ मानेनं राहिले.

तेव्हापासून मी हाताला थोडं काम लावून घेतलं. तुम्हीही लावा. मृदंगाच्या धुमेला कणीक लावायची ती ताजी मळून, आणि भजन संपलं की खरवडून काढायची. वाळलेली कणीक चामडं खाते. गठ्ठे ठोकून वादी ताणायला शिका. टाळाची दोरी झिजली की तुटायची वाट बघू नका. आषाढात वीणा भिजली तर पुसून सावलीत ठेवा, उन्हात नाही आणि चुलीजवळ तर नाहीच. मंडपात वीणेचा आवाज पोचला नाही तर कर्ण्याचा आवाज वाढवू नका, आधी तार सुरात आहे का बघा. आणि घोडीला काचकागद लावू नका. ते काम मिरजेच्या हाताचं, ते त्या हाताकडेच न्या. यंत्रातला तंबोरा खिशात मावतो, सोयीचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण आपण वीणा दुरुस्तीला नेलीच नाही, तर तो हात पुन्हा रिकामा होईल, आणि या वेळी त्याला दुसरं काम सापडेलच असं नाही.

माऊली, तीर्थात बुडवलेला भोपळा कडूच राहिला, कारण त्याला बाहेरून धुतलं. वीणेचा भोपळा गातो, कारण त्याला कुणीतरी आतून खरवडलं. चीर सगळ्यांनाच पडते. ती गोंदानं झाकायची की पातं हातात घ्यायचं, एवढंच आपल्या हाती आहे.

रामकृष्णहरी.