'क्षमस्व'चा इतिहास : बायोडाटा, जात आणि आपण

मराठी वर्तमानपत्रांच्या 'वधू-वर पाहिजेत' या पानावर वर्षानुवर्षे एक ओळ छापून येत आहे : 'एससी, एसटी क्षमस्व.' मुलगी सुस्वरूप, मुलगा निर्व्यसनी, अपेक्षा अनुरूप आणि शेवटी हा सभ्य भाषेतला दरवाजा बंद! अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपली. पण लग्नाच्या बाजारात ती हात जोडून, माफी मागून उभी आहे.

आज लोणंदमधला आपला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर स्वतःचे प्रोफाइल लिहिते तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'आकर्षक कसे लिहू?' माझे म्हणणे असे की, आधी हा कागद आला कुठून ते पाहिले पाहिजे.

पूर्वी कागद नव्हताच. सोयरीक जमवणारा मध्यस्थ, पाहुणे, भावकी हेच सगळे काम करत. कूळ, देवक, गाव विचारले की जात कळत असे. छापील बायोडाटा आला तेव्हा हेच प्रश्न रकाने झाले : जात, पोटजात, कुळी, रास, नाडी, गण, मामाचे आडनाव. मुलामुलीला काय आवडते, काय वाचतात, कसे जगायचे आहे, याला रकाना नव्हता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस विवाहाची संकेतस्थळे आली आणि रकान्याची चाळणी झाली. एक बटण दाबले की नको असलेल्या जाती दिसतच नाहीत. आता क्षमस्व म्हणण्याचीही गरज उरली नाही.

बाबासाहेबांनी हे यंत्र फार आधी ओळखले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी सांगितले की जातीचा गाभा सजातीय विवाहात आहे. पुढे १९३६च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात, जे लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना करू दिले नाही, त्यांनी सहभोजनाने भागणार नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, आणि तो होण्यासाठी शास्त्रांचे पावित्र्य मोडावे लागेल, असे मांडले. म्हणजे बायोडाट्यातला जातीचा रकाना हा निरुपद्रवी तपशील नाही. जात दर पिढीला पुन्हा जन्माला येते ती त्याच रकान्यातून.

याला पर्याय आपल्याच मातीत तयार झाला. लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, अवाढव्य खर्च नाही. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वर त्या हक्कांसाठी वचन देतो. वधू-वर एकमेकांना आपली अपेक्षा तोंडाने, चारचौघांत सांगतात! दीडशे वर्षांपूर्वीचे हे खरे प्रोफाइल. त्यात पत्रिका नाही, करार आहे.

पुढे विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८च्या आंतरजातीय विवाह विधेयकाला राजर्षी शाहूंनी पाठिंबा दिला आणि १९१९ साली आपल्या संस्थानात तसा कायदा केला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सारस्वत ब्राह्मण कुटुंबातल्या या डॉक्टरांना बाबासाहेबांचे आजार पूर्ण ठाऊक होते. काही लपवून झालेले हे लग्न नव्हते.

आता आरसा आपल्याकडे वळवू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण बौद्ध झालो. ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म न करण्याची आणि सर्व माणसांना समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. मग आपल्या वधू-वर मेळाव्यांतल्या अर्जांवर रास आणि नाडी कशाला? सोमवंशी की लाडवण, हे कशासाठी विचारले जाते? 'बौद्धच हवा' म्हणताना मातंग, चर्मकार, भटक्या समाजाच्या मुलाला आपणही मनातल्या मनात क्षमस्वच म्हणतो ना? आणि 'गोरी, सडपातळ, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी' ही अपेक्षा कोणत्या धम्मात बसते?

काही मित्र म्हणतात, डेटिंगच्या ॲपवर जात विचारतच नाहीत. रकाना नसतो हे खरे. पण आडनाव असते, भिंतीवरचा फोटो असतो, एप्रिलमधली निळी छायाचित्रे असतात. म्हणून काही जण आडनाव गाळतात, बाबासाहेबांचा फोटो काढून टाकतात. त्यांना मी दोष देणार नाही. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) इथे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. प्रेमाच्या, नुसत्या बोलण्याच्या संशयाची किंमत आपल्या पोरांनी जिवाने मोजली. पण लपवलेली ओळख तिसऱ्या भेटीत उघडी पडते, आणि तेव्हा मिळणारा नकार जास्त जखम करतो. ज्याला 'जय भीम' वाचून पुढे सरकायचे आहे, त्याला पहिल्याच ओळीत सरकू द्या. चाळणी त्यांनीच का लावायची? एक आपणही लावू.

तेव्हा प्रोफाइल लिहा ते असे : शिक्षण, काम आणि पगार खरा लिहा. आधीचे लग्न, आजार, घरची जबाबदारी लपवू नका. आंबेडकरी आहोत हे सरळ लिहा. जात-पोटजातीची अट नाही, पत्रिका पाहणार नाही, हुंडा घेणार-देणार नाही, हे लिहा. घरकाम कोण करणार हे मुलांनी लिहावे. नोकरी, शिक्षण, आडनाव यांबद्दलचा निर्णय माझा असेल, हे मुलींनी लिहावे. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी ठेवा, एका विश्वासू मित्राला सांगून जा. विशेष विवाह कायदा १९५४ समजून घ्या; त्यात ३० दिवसांची नोटीस असते, त्या काळाची तयारी आधी करा. घरून धमकी आली तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आणि जिल्हावार विशेष कक्ष उभारण्याचे आदेश दिले आहेत, हे पोलिसांना ठामपणे सांगा.

अशा प्रोफाइलला प्रतिसाद कमी येतील. येऊ द्यात. शंभर पसंत्यांपेक्षा बरोबरीने जगणारे एक माणूस महत्त्वाचे. सावित्रीबाईंच्या तालुक्यातल्या पोरापोरींनी तरी स्वतःला बाजारात मांडू नये. स्वतःची ओळख स्वतः लिहावी.

जय भीम! जय सावित्री!