दानदेश : एका विस्मृत नावाची कथा

जळगाव-धुळ्याकडील कोणास ‘दानदेश कोठे आहे?’ असे विचारले, तर तो बहुधा गोंधळेल. हा शब्द आज इतिहासग्रंथांपुरता उरला आहे. एके काळी मात्र ते त्याच्याच प्रांताचे सरकारी नाव होते.

१६०१च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी घराण्याची दोन शतकांहून अधिक काळची सत्ता संपली. प्रांत शहजादा दानियाल याच्याकडे सोपवण्यात आला आणि त्याच्या नावावरून ‘खानदेशा’चा ‘दानदेश’ झाला. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त या सुभ्याची नोंद त्याच नावाने केली आहे.

या नामकरणातील चातुर्य लक्षात घेण्याजोगे आहे. रूढ स्पष्टीकरणानुसार गुजरातच्या अहमदशहाने फारुकी राजास दिलेल्या ‘खान’ या किताबावरून ‘खानदेश’ हे नाव पडले. म्हणजे केवळ एक अक्षर बदलून पराभूत राजवंशाची खूण पुसता येणार होती. लोकपरंपरा मात्र निराळेच सांगते : हा कान्हाचा, कृष्णाचा देश. येथील अहिराणी बोलीचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते त्या गोपालक अभीरांची आठवण या व्युत्पत्तीत आहे. दरबार आणि गोठा, दोघांनीही एकाच शब्दावर आपला हक्क सांगितला.

दानदेशावर असा हक्क सांगणारे कोणी उरले नाही. दानियाल तरुणपणीच बुऱ्हाणपुरात वारला. शिवाय मराठी कानाला ‘दान’ म्हटल्यावर शहजादा आठवणार नाही, दक्षिणाच आठवेल, असे आम्हांस वाटते.

पुढे इंग्रजांनी ‘खानदेश’ हेच नाव जिल्ह्यास ठेवले. १९०६मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांचे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आता खानदेश नावाचा एकही जिल्हा नाही. तरी वांग्याचे भरीत खानदेशीच आहे आणि पुण्या-मुंबईत गेलेला माणूस आपली ओळख खानदेशी अशीच सांगतो.

एका नावामागे बादशाही फर्मान होते, ते गेले. दुसऱ्यामागे आज कोणतीही कचेरी नाही, ते मात्र टिकले. शब्दाचे मूळ कोशात शोधावे. त्याचे आयुष्य मात्र बोलणाऱ्यांच्या जिभेवरच मोजावे लागते.