‘फाईल निवडा’ : एका बटणाची कुळकथा

जून-जुलैत बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या स्टँडजवळच्या कुठल्याही झेरॉक्स सेंटरात जा, सकाळपासून रात्रीपर्यंत एकच काम चाललेलं दिसेल. दाखला स्कॅन करायचा, ब्राउझर उघडायचा, ‘चूज फाईल’वर क्लिक करायचं आणि फाईल चढवायची. एक दाखला बंगळूरकडे जातो, दुसरा मुंबईकडे. हे काम करायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. पण फाईल पाठवणं हे कधीकाळी जाणकाराचंच काम होतं. ते सर्वांच्या हाती कसं आलं, याची ही कथा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कागद पाठवण्याची जुनी वाट म्हणजे एसटी. निपाणी स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या लागतात. कोल्हापूर एका अंगाला, बेळगाव दुसऱ्या. गावोगावचे वार्ताहर बातमीचं पाकीट कंडक्टरच्या हाती द्यायचे आणि वृत्तपत्राचा माणूस ते स्टँडवर उतरवून घ्यायचा. बेळगाव हे वृत्तपत्राचं जुनं गाव. बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ इथे १९१९ मध्ये सुरू केला. पुढे पाकिटात कागदाच्या जागी फ्लॉपी आली. पण फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी. कोरल-ड्रॉमध्ये केलेली रंगीत जाहिरात त्यात बसायची नाही, म्हणून सीडी आली. गाडी मात्र तीच राहिली. गाडी चुकली की काम दुसऱ्या दिवसावर.

तारेवरून फाईल पाठवण्याचा नियम तोवर तयार होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तो लिहिणारा माणूस आपल्याकडचा होता. अलाहाबादचे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अमेरिकेत एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी ‘फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल’चा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा मांडला. त्या वेळी ब्राउझर नव्हता, वेब नव्हतं. होते ते वेगवेगळ्या बनावटीचे मोठे संगणक. त्यांना एकमेकांच्या फायली घेता-देता याव्यात, हा हेतू. १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी त्याला पक्कं रूप दिलं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांसाठी खुलं केलं. त्यानंतर अनेक आवृत्त्यांची वृत्तपत्रं आणि मोठे छापखाने एफटीपीवरून पानं पाठवू लागले. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागे. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, पोर्ट, सगळं भरावं लागे. फाईल ‘अ‍ॅस्की’ पद्धतीने पाठवायची की ‘बायनरी’, हेही माहीत असावं लागे. चित्राची फाईल चुकून अ‍ॅस्कीत गेली तर पलीकडे उघडायचीच नाही. डीटीपीवाल्याला आणखी एक काळजी होती ती फॉण्टची. श्री-लिपी किंवा आकृतीत जुळवलेला मराठी मजकूर, तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक खुणांसारखा दिसे. म्हणून ‘कर्व्ह करून पाठव’ हे वाक्य प्रत्येक छापखान्यात ऐकू यायचं. म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं.

एफटीपीची खरी अडचण त्याच्या बांधणीत होती. ते दोन वाटांनी चालतं : एकीवरून हुकूम, दुसरीवरून फाईल. मूळ पद्धतीत दुसरी वाट सर्व्हर स्वतः उघडतो, म्हणजे बाहेरचा संगणक आतल्या संगणकाशी जोडणी करायला येतो. कार्यालयांनी फायरवॉल बसवल्या आणि त्यांनी अशा जोडण्या अडवल्या. त्यावर तोडगा निघाला, पण तो सॉफ्टवेअरमध्ये निवडणाराही जाणकारच लागे. शिवाय मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करत असे.

ब्राउझरला मात्र एकच वाट लागते आणि ती जवळपास प्रत्येक कार्यालयात मोकळी असते, कारण तिच्यावाचून वेबसाईटच दिसणार नाहीत. उणीव एवढीच होती की वेबवरच्या अर्जात फक्त अक्षरं भरता यायची. ती उणीव झेरॉक्स कंपनीतल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी भरून काढली. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला : अर्जातल्या रकान्यांमध्ये फाईलचाही एक रकाना असावा. नाव, गाव, पत्ता आणि फाईल यांच्यामध्ये ब्राउझर एक खूण टाकतो आणि सगळं एकाच गठ्ठ्यात पाठवतो. सर्व्हर त्या खुणेवरून भाग वेगळे करतो. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. आज झेरॉक्स सेंटरात दाबलं जाणारं बटण ते हेच.

त्या प्रस्तावातली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. वापरणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय ब्राउझरने कुठलीही फाईल पाठवू नये. निवड माणसाची, यंत्राची नव्हे.

सुरुवातीला हे बटण दुबळं होतं. मध्येच लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून. एफटीपीचं सॉफ्टवेअर जिथे तुटलं तिथून पुढे जोडू शके. २०१० च्या सुमारास ब्राउझरला फाईलचे तुकडे करता येऊ लागले. फाईल किती गेली हे दिसू लागलं, माऊसने ओढून टाकता येऊ लागली. गुगल ड्राइव्ह आणि वीट्रान्सफरसारख्या सेवांनी मोठ्या फायलींचा प्रश्न सोडवला. निपाणीतला डीटीपीवाला आता लग्नपत्रिकेची फाईल चढवून कोल्हापूरच्या ऑफसेटवाल्याला फक्त लिंक पाठवतो.

या बदलाची सीमाभागाला वेगळी गरज होती, कारण इथल्या माणसाचे कागद दोन राज्यांत फिरतात. कर्नाटकाच्या सेवांसाठी ‘सेवा सिंधू’वर अर्ज करायचा. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटी सेलच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा सीमाप्रश्न न्यायालयात पडून आहे, पण तो दाखला निपाणीतून चढवायला विद्यार्थ्याला मुंबई गाठावी लागत नाही.

२०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून घेतला. अभय भूषण यांच्या मसुद्याला तेव्हा ५० वर्षं झाली होती. संपूर्ण वेबसाईटचे फोल्डर हलवणारे लोक आजही वेगळं सॉफ्टवेअर वापरतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांनी एसएफटीपीसारखा सुरक्षित प्रकार वापरावा.

बाकी सर्वांसाठी हे बटण पुरेसं आहे, पण जाणकाराची जबाबदारीही त्याच्याबरोबर आपल्याकडे आली आहे. दाखला चढवण्यापूर्वी साईटचा पत्ता नीट वाचा आणि तो ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो का पाहा. चढवलेली फाईल एकदा उघडून तपासा. सेंटरातून निघताना तिथल्या संगणकावरची आपली प्रत डोळ्यांदेखत पुसून घ्या, आणि मूळ कागद घरी जपून ठेवा.