चांगले जिवाणू मोजायचे कसे? संवर्धन माध्यमांची गोष्ट

खेडमध्ये बोलतोय, तर जगबुडीपासूनच सुरुवात करू. पूर ओसरला की पहिला प्रश्न, विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का? ते तपासायच्या माध्यमांमधलं एक जुनं नाव म्हणजे मॅकॉन्की. आजची गोष्ट तिथून सुरू होते.

संवर्धन माध्यम म्हणजे जिवाणूंचं जेवण. 'निवडक' माध्यमात त्या जेवणात असा पदार्थ घालतात, जो नको असलेल्यांना सोसत नाही. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी 1905 साली मांडलेल्या माध्यमात पित्ताचे क्षार होते. ई. कोलायसारख्यांना ते चालतात, इतर बरेच जण मागे पडतात. दुधातली साखर आंबवणाऱ्यांच्या वसाहती गुलाबी दिसतात. पाण्यात मैला मिसळलाय का, हे त्यावरून कळू लागलं. म्हणजे बघा, हे माध्यम चोर पकडायला केलेलं. पोटातले उपकारी जिवाणू त्यावर दिसायचे नाहीत.

ते असतात, हे मात्र आधीच कळलं होतं. 1899 साली पॅरिसमध्ये आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात दोन फाटे फुटलेले जिवाणू सापडले. आज आपण त्यांना बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. त्यांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून आगरने भरलेल्या उंच नळीत, तळाकडे त्यांना वाढवावं लागे.

मग पुढची युक्ती आली ती आंबटपणाची. आपल्या घरच्या विरजणाचंच तत्त्व! आंबटपणा वाढला की बाकीचे हटतात, लॅक्टोबॅसिलस टिकतात. रोगोसा आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये अ‍ॅसिटेट घालून, सामू 5.4 ठेवून त्यांच्यासाठी माध्यम केलं. 1960 मध्ये द मान, रोगोसा आणि शार्प यांचं एमआरएस आलं. त्यात लॅक्टोबॅसिलस जोमानं वाढतात, पण निवड थोडी सैल.

बिफिडोचं काय? इथे त्वचेच्या मलमातलं म्युपिरोसिन कामी आलं. ते बहुतेक लॅक्टोबॅसिलसना रोखतं, बिफिडोंना नाही. दुग्धपदार्थांतले बिफिडो मोजण्याच्या 2010 च्या आंतरराष्ट्रीय मानकात हेच वापरलंय.

याचा आपल्याशी संबंध काय? प्रोबायोटिकच्या डबीवर कोटींचे आकडे असतात. भारताच्या 2016 च्या नियमांत रोजच्या मात्रेत साधारण 10 कोटी जिवंत जिवाणू अपेक्षित आहेत. माध्यम चुकलं, तर भलतेच जिवाणू मोजले जातात, किंवा असलेले दिसतच नाहीत. म्हणून वसाहत उगवल्यावरही ती कोणाची, हे सूक्ष्मदर्शकानं आणि आता डीएनएनं पडताळतात.

आणि आपल्या पोटातलं अजून सगळं हाती आलेलं नाही. 2014 साली पुण्याच्या संशोधकांनी माणसाच्या शौचातून ऑक्सिजन न सोसणारी नवी जात वेगळी करून तिचं वर्णन केलं. नाव, मेगास्फेरा इंडिका. ती सापडली, कारण कोणीतरी तिला रुचेल असं जेवण आणि बिनऑक्सिजनची जागा दिली.

एवढंच लक्षात ठेवा. ताटलीत काही उगवलं नाही, म्हणजे पोटात काही नाही असं होत नाही. आपण कोणाला जेवायला बोलावलं, हे आधी विचारायचं.